खेळातल्या आगगाडीवरचा उजेड

ज्या गावाला आगगाडी जात नाही त्या गावच्या मुलांना आगगाडीचे वेड जास्त, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. आमच्या तालुक्यातील अशाच एका शाळेच्या गुरुजींनी मागे मला मुद्दाम बोलावून घेतले. सहावी-सातवीच्या मुलांनी विज्ञान-प्रदर्शनासाठी बोरघाटाचा देखावा उभा केला होता. आठ फूट लांब, चार फूट रुंद प्लायवूडची फळी. तिच्यावर थर्माकोलचे डोंगर, पुठ्ठ्याचे स्टेशन, तीन बोगदे, आणि मुंबईच्या एका नातेवाइकाने धाडलेली, विजेवर धावणारी इवलीशी गाडी. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला आणि त्याचा अगदी उभा चढ ३७ फुटांत एक फूट इतका आहे, हे मुलांनी पुस्तकात वाचले होते. म्हणून त्यांनी आपल्या रुळांनाही ३७ सेंटीमीटरमागे एक सेंटीमीटर चढ दिला होता. गाडी तो चढ चढत होती. मला फार कौतुक वाटले.

पण गुरुजींचा चेहरा उतरलेला. म्हणाले, “सर, सगळं झालंय, पण बघणाऱ्याला काही दिसतच नाही.”

कारण साधे होते. वर्गात एकच ट्यूब, आणि ती पाहणाऱ्यांच्या पाठीमागे. चार माणसे पुढे झाली की त्यांचीच सावली घाटावर पडे. मुलांनी तोडगा म्हणून देखाव्याच्या बरोबर मधोमध एक बल्ब टांगला. पण त्याने निराळेच झाले. डाव्या डोंगराची सावली डावीकडे आणि उजव्याची उजवीकडे! खरा सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण आपल्यापाशी जवळजवळ समांतर पोचतात, म्हणून सगळ्या झाडांच्या सावल्या एकाच बाजूला पडतात. मधोमध टांगलेल्या बल्बने हे साधत नाही. पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही. पण हे खरे नव्हे, एवढे त्याचा डोळा ओळखतो.

अशा देखाव्याला आज सर्वांत सोयीचा दिवा म्हणजे एल.ई.डी.ची पट्टी. गणपतीच्या आराशीत आपण ती पाहिली असेल. पाच मीटरचे गुंडाळे मिळते. मागे चिकट पट्टी असते. पुढे हरभऱ्याच्या डाळीएवढे दिवे ओळीने बसवलेले असतात. बाजारात ती सहज मिळते. पण ती कशी चालते हे न समजता लावली, तर फसगत होते. म्हणून आधी तिच्या पोटात काय आहे ते पाहू या.

एल.ई.डी. म्हणजे प्रकाश देणारा डायोड. जुन्या बल्बात तार तापून पांढरीफेक होते, आणि तापते म्हणून प्रकाशते. त्यात शंभर भाग वीज दिली तर पाच भागही उजेड होत नाही, बाकी सारी उष्णता. डायोडात तार नसते. दोन प्रकारच्या अर्धवाहक पदार्थांचा सांधा असतो. त्यातून वीज योग्य दिशेने वाहिली की सांध्यापाशी थेट प्रकाश निघतो. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा डायोड निक होलोन्याक यांनी १९६२ साली करून दाखवला. निळ्या रंगाला मात्र त्यानंतर तीस वर्षे लागली. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना त्या निळ्या दिव्याबद्दल २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्याचे एवढे महत्त्व कशाला? तर आपण ज्याला पांढरा एल.ई.डी. म्हणतो, तो मुळात निळाच असतो. त्याच्यावर पिवळसर लेप असतो. काही निळा प्रकाश लेप शोषून घेतो आणि त्याबदली पिवळा प्रकाश देतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरे दिसते. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

आता पट्टी हातात घ्या. दर तीन दिव्यांमागे एक बारीक काळा चौकोन दिसेल. तो रोधक. त्यावर बहुधा १५१ असा आकडा असतो. म्हणजे पंधरावर एक शून्य, १५० ओम. बारा व्होल्टची पट्टी आहे. प्रत्येक पांढऱ्या दिव्याला सुमारे तीन व्होल्ट लागतात. तीन दिवे एकापुढे एक जोडले की झाले नऊ. उरले तीन व्होल्ट. ते रोधकावर पडतात. तीनाला १५० ने भागले की ०.०२ अँपियर, म्हणजे २० मिलिअँपियर प्रवाह. सातवीच्या मुलाला हे गणित येते! पट्टी हवी तिथे कापता येत नाही, तीन-तीन दिव्यांच्या घरानेच का कापायची, याचेही उत्तर यातच आहे. जिथे कात्रीची खूण आणि तांब्याचे ठिपके दिसतात तिथेच कापावी. मीटरला साठ दिवे असतील तर हे घर पाच सेंटीमीटरचे असते.

पट्टी लावायची कुठे? आमच्या मुलांनी आधी ती देखाव्याच्या मागच्या भिंतीला लावली. तार लपवायला सोपी ना! पण मग डोंगर, डबे, माणसे सगळी पुढून काळी दिसू लागली. उजेड पाहणाऱ्याच्या बाजूने यायला हवा. म्हणून देखाव्यापासून सुमारे दोन फूट उंचीवर, पुढच्या कडेला, आडवी फळी बांधावी. तिच्या आतल्या बाजूला पट्टी लावून तिचे तोंड किंचित मागे झुकवावे, आणि पुढून चार बोटांची पुठ्ठ्याची झालर सोडावी. नाटकाच्या रंगमंचावर हेच करतात. दिवा दिसू नये, उजेड दिसावा. पट्टी आठ फूट लांब असल्याने एका ठिपक्यातून येणारी काळीकुट्ट सावली पडत नाही, मऊ पडते. आणि पडते ती मागे, जिथे कोणाचे लक्ष नसते.

पट्टी विकत घेताना रंग विचारतात. दुकानदार तीन हजार म्हणेल, साडेसहा हजार म्हणेल. हा आकडा केल्व्हिनचा, आणि तो जरा चकवणारा आहे. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आठवा. आधी ते लाल होते, अधिक तापले की पिवळे, आणि आणखी तापले की पांढरे. म्हणून आकडा लहान तर उजेड पिवळसर, आकडा मोठा तर निळसर पांढरा. ज्याला आपण “उबदार” रंग म्हणतो त्याचा आकडा लहान, ही गंमत आहे. तीन हजारांची पट्टी सकाळ-संध्याकाळसाठी आणि साडेसहा हजारांची भर दिवसासाठी, अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या आणि प्रत्येकीला उजेड कमीजास्त करणारे बटण दिले, तर घाटात पहाट होते, दुपार होते आणि तिन्हीसांजही होते. रात्रीसाठी एक निळी पट्टी, अगदी मंद. लाल, हिरवा, निळा असे तीन रंग मिसळून पांढरा करणारी पट्टीही मिळते. पण त्या पांढऱ्यात मधले पुष्कळ रंग नसतात. तिच्याखाली मातीचा तांबूस रंग आणि डब्यांचा मरून रंग विचित्र दिसतो. देखाव्याच्या मुख्य उजेडासाठी ती घेऊ नये.

शिक्षकांसाठी येथे दोन प्रयोग सांगतो. एक, जुन्या सीडीच्या चकचकीत पाठीवर या पट्टीचे प्रतिबिंब तिरके धरून पाहा. रंगांचा पट्टा दिसेल, त्यात निळा ठसठशीत, त्याच्या पुढे थोडा अंधार, आणि मग हिरव्यापासून लालपर्यंत पसरट पट्टा. निळ्यावर लेप लावून पांढरा केला आहे, याचा हा पुरावा. दुसरा, दिवा मंद करून त्याच्यासमोर पेन्सिल झपाझप हलवा. बऱ्याच पट्ट्यांच्या उजेडात एका पेन्सिलीच्या दहा पेन्सिली दिसतील. कारण हे मंद करणारे बटण दिव्याचा प्रवाह कमी करत नाही. ते दिवा सेकंदाला शेकडो वेळा लावते आणि विझवते. विझलेला काळ वाढला की डोळ्याला उजेड कमी वाटतो.

आता विजेचा हिशेब. साठ दिव्यांच्या साध्या पट्टीला मीटरमागे वीस घरे, प्रत्येक घराला २० मिलिअँपियर, म्हणजे ४०० मिलिअँपियर. गुणिले बारा व्होल्ट, ४.८ वॉट. आठ फूट म्हणजे २.४ मीटर, अशा दोन पट्ट्या झाल्या २३ वॉट. बाराने भागा, जवळजवळ दोन अँपियर. त्यावर चौथा हिस्सा राखीव धरावा, म्हणजे अडीच. आणि बारा व्होल्ट, तीन अँपियरचा, चांगल्या बनावटीचा अडॅप्टर घ्यावा. बैल जोडताना आपण त्याच्या ताकदीला पुरते तेवढेच ओझे लादत नाही, थोडे हातचे राखतो; तसेच हे. अडॅप्टरमधून निघाल्याबरोबर तीन अँपियरचा फ्यूज घालायला विसरू नये. लांब पट्टीचे शेवटचे दिवे मंद दिसले, तर त्याचे कारण पट्टीतल्या तांब्याच्या पातळ रेघेत वाटेवर हरवलेले व्होल्ट. उपाय, दुसऱ्या टोकालाही जाड तारेने वीज पोचवावी.

आणि आता माझी स्वतःची चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण ती सांगितल्यावाचून हे भाषण पुरे व्हायचे नाही.

पट्ट्या लावून झाल्या. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. एका मुलाने विचारले, “सर, बोगद्याच्या आतपण उजेड पाडू या का?” पाच मीटरचे एक नवे गुंडाळे शिल्लक होते. मी घाईत म्हणालो, गुंडाळे तसेच डोंगराच्या पोटात ठेवा, बोगद्याच्या तोंडातून उजेड येईल. एल.ई.डी. थंड असतो, हे मी स्वतः वर्गात किती वेळा सांगितले असेल! मुलांनी तसे केले. छान उजेड आला. आम्ही चहाला गेलो. अर्ध्या-पाऊण तासाने परतलो तो वर्गात उग्र वास, आणि डोंगराचा माथा आत बसलेला. गुरुजींनी धावत जाऊन भिंतीवरचे बटण बंद केले. थर्माकोल आतून आकसून पोकळ झाला होता आणि गुंडाळ्याला चिकटला होता. आग लागली नाही, एवढेच नशीब. वर्गाला वर लाकडी आढे होते आणि खाली मुलांची दप्तरे.

काय झाले ते पाहा. एल.ई.डी. जुन्या बल्बापेक्षा थंड, हे खरे. पण उष्णतेवाचून तो चालतो, हे खरे नव्हे. बारापैकी तीन व्होल्ट तर रोधकातच जातात, म्हणजे पाव वीज तिथेच उष्णता झाली. दिव्यात गेलेल्या विजेतलाही बराच भाग उष्णताच होतो. पाच मीटर गुणिले ४.८, म्हणजे २४ वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाख लावायची इस्त्री असते ना, ती सुमारे २५ वॉटची असते. पट्टी सरळ पसरली असती तर ही उष्णता पाच मीटरभर हवेत विरून गेली असती. मी ती मुठीएवढ्या जागेत कोंडली, आणि वरून थर्माकोलची दुलई पांघरली. थर्माकोल तर थंडगार बर्फ राखण्यासाठी वापरतात तो. उष्णतेला तो बाहेर जाऊच देत नाही. उकळत्या पाण्याइतके तापमान होण्याच्या आधीच तो मऊ पडतो, आणि ठिणगी मिळाली तर भडकतो. सारे नियम मला पाठ होते. फक्त बेरीज केली नव्हती.

तेव्हा हे पक्के ध्यानात ठेवा. गुंडाळलेली पट्टी कधीही लावू नये, तपासण्यापुरतीसुद्धा एखाद्या मिनिटापलीकडे नको. पट्टी थर्माकोलवर, कापडावर वा कागदावर चिकटवू नये. ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवावी, ती उष्णता पसरवते. बोगद्यात उजेड हवा तर तीन दिव्यांचा एकच तुकडा पुरे. आणि सगळे जोडून झाले की तासभर समोर बसून चालू ठेवावे, मग उलट्या हाताने स्पर्श करून पाहावे. हात ठेववत नसेल तर जोडणी चुकली.

खेड्यात आणखी एक अडचण येते. वीज जाते, आणि कोणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी आणतो. बॅटरी बारा व्होल्टची, पट्टी बारा व्होल्टची, मग काय हरकत? हरकत आहे. बॅटरी भरली जात असताना तिचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. मघाचे गणित पुन्हा करा. १४.४ मधून नऊ गेले, उरले ५.४, भागिले १५०, झाले ३६ मिलिअँपियर. दाब पाचव्या हिश्श्याने वाढला, पण प्रवाह जवळजवळ पावणेदोन पट झाला! पट्टी लखलखते, सगळे खूश होतात, आणि थोड्या दिवसांत तिचे एकेक घर विझू लागते. म्हणून बॅटरी चार्जरला लावलेली असताना पट्टी तिच्यावर चालवू नये. आणि बॅटरीच्या तारेतही फ्यूज हवाच, कारण बॅटरी चुकून आखडली तर तार लाल होईपर्यंत वीज देते.

घरांच्या आत दिवे लावणे सोपे आहे. पाच सेंटीमीटरचा एकेक तुकडा छताला आतून लावावा आणि सगळे तुकडे दोन समाईक तारांवर जोडावेत, धन धनाला, ऋण ऋणाला. उलटे जोडले तर दिवा लागत नाही, इतकेच. पण पुठ्ठ्याच्या भिंतीतून उजेड झिरपतो आणि सगळे स्टेशन आकाशकंदिलासारखे दिसते. म्हणून भिंतींना आतून काळा रंग, वर पांढरा. खिडकीला आतून बटर पेपर. उजेड तरी जास्तच वाटेल. मग एक हजार ओमचा रोधक तारेत घालावा. प्रवाह सहाव्या-सातव्या हिश्श्यावर येतो आणि घरात दिवेलागणीचा उजेड दिसतो.

गाडीच्या डब्यांतही दिवे हवेत, असा मुलांचा हट्ट असतोच. रुळांतूनच वीज घेऊ, असे त्यांना वाटते. पण अशा साध्या गाडीचा वेग रुळांतले व्होल्ट कमीजास्त करूनच बदलतात. गाडी निम्म्या वेगाने चालली तर रुळांत सहा व्होल्ट. पट्टीच्या तुकड्याला आठ-नऊ व्होल्ट झाल्यावाचून तो जागाच होत नाही. गाडी मागे नेली तर वीज उलटी, म्हणजे अंधार. त्यापेक्षा मागच्या डब्यात पेन्सिलीच्या आकाराचे दोन सेल ठेवावेत, झाले तीन व्होल्ट. पिवळ्या एल.ई.डी.ला दोनच व्होल्ट लागतात, आणि २२० ओमचा रोधक पुरतो. गोल चपटा बटणासारखा सेल वापरण्याचा मोह होईल, तो टाळा. लहान मुलाने तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघते.

प्रदर्शन झाले. डोंगर रात्रीत नवा केला होता, या खेपेला बांबूच्या तट्ट्याचा. पाहायला गावचे तात्या आले. जन्मभर त्यांनी रेल्वेच्या रुळांवर गँगमनची नोकरी केली. मुलांनी संध्याकाळ करून दाखवली, सिग्नलचा हिरवा दिवा लावला. तात्या बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “पोरांनो, झकास केलंत. पण आमच्या सिग्नलची काच उजेडी पाहिली तर निळी असायची. रात्री आत रॉकेलचा दिवा लावला की हिरवी.”

मुलांना ती थाप वाटली. पण तात्यांचे अगदी बरोबर होते. रॉकेलची ज्योत पिवळी-तांबूस असते, तिच्यात निळा जवळजवळ नसतो. म्हणून काच निळसर ठेवत. पिवळी ज्योत आणि निळसर काच मिळून लांबून स्वच्छ हिरवे दिसे. आम्ही तिथेच निळसर हिरवा जिलेटिन कागद आणला. साडेसहा हजारांच्या पट्टीपुढे धरला, तर निळा दिसला, कारण या पांढऱ्यात मुळातच निळा ठासून भरलेला. तीन हजारांच्या पट्टीपुढे धरला, आणि तो हिरवा झाला. सगळ्या वर्गाने तो पाहिला. तात्यांना खुर्ची दिली, आणि मग पुढचा तासभर प्रदर्शन बाजूला राहिले. मुले त्यांना हातदिव्याबद्दल, धुक्यातल्या रात्रींबद्दल विचारत बसली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, असा देखावा आपल्या शाळेत करायचा तर मोठा खर्च लागत नाही. गाडी नसली तरी लाकडाची चालेल. पण उजेड मात्र हिशेबाने पाडा, आणि हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्या. आमच्या देखाव्याच्या फळीवर आता एक ओळ लिहिलेली आहे, ती मीच लिहायला सांगितली: “जाताना भिंतीवरचे बटण बंद करा.”